कोरणाऱ्यांसाठी रकाना नाही

आमच्या ऑफिसात एलटीसी घेऊन लोक काश्मीरला जातात, अंदमानला जातात, आणि परत आल्यावर आठवडाभर फोटो फिरतात. मी भोपाळला जाणार म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "भोपाळात कोण तुमचं?" कोणी नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भोपाळला थांबते, आणि इतकी वर्षं ही गाडी बघूनही आपण त्या स्टेशनावर कधी उतरलो नाही, एवढंच निमित्त. बायकोने "वायू गळती झाली तेच ना?" असं विचारून घेतलं आणि मग बॅग भरली.

खरं तर मला भारत भवन बघायचं होतं. ते चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं, 1982 चं. आपली पणजीची कला अकादमीही त्यांचीच, 1983 ची. एक मांडवीच्या काठाला, दुसरं भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठाला. दोन्हीकडे इमारत उंच दिसायचा हट्ट धरत नाही, पाण्याच्या दिशेने खाली उतरत जाते. 17 जुलै 2023 च्या रात्री कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं तेव्हा गोव्यात जो आरडाओरडा झाला तो रास्तच होता, मीही त्यात होतो. पण आज मला छपराबद्दल बोलायचं नाही. छपराखाली कोणाला बसवायचं आणि कोणाला बाहेर उभं ठेवायचं, हे जिथे ठरतं त्या कागदांबद्दल बोलायचं आहे. वीस वर्षं मी तेच कागद लिहितो आहे.

आधी भोजपूर. भोपाळपासून तीसेक किलोमीटरवर बेतवेच्या काठी परमार राजा भोजाचं शिवमंदिर आहे, अकराव्या शतकातलं. मंदिर अर्धवटच राहिलं. आत साडेसात फुटांचं गुळगुळीत शिवलिंग, चाळीसेक फुटांचे चार खांब आणि मागच्या बाजूला मातीचा भला मोठा उतार. हा उतार दगड वर चढवण्यासाठी केला होता आणि काम थांबल्यामुळे तो तसाच राहिला. एरवी देऊळ पुरं झालं की असे उतार काढून टाकतात, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. पण मी खरा थांबलो तो आवारातल्या सपाट खडकांपाशी. त्या खडकांवर रेघा कोरलेल्या आहेत: खांबांचे, कोनाड्यांचे, शिखराचे नकाशे, थरांचे आडवे छेद. देवळाच्या दगडांवर पाथरवटांच्या खुणाही आहेत, ज्याच्या त्याच्या. म्हणजे इथे कोणीतरी जाणता माणूस खडकावर रेघ मारून दाखवत होता, आणि पोरं ती बघून शेजारीच दगडाला टाकी लावत होती. फळा, वर्ग, कार्यशाळा, हजेरीपट, सगळं एकाच आवारात. मला विचाराल तर मध्य भारतातलं दगडकामाचं सगळ्यात जुनं कॉलेज मी त्या दिवशी पाहिलं. बाकीचे पर्यटक लिंगासमोर सेल्फी काढत होते, त्याबद्दल तक्रार नाही.

त्याच भोजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यात स्थपतीला चार गोष्टी लागतात असं सांगितलं आहे: शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. आपल्या सरकारी भरती नियमांत यातली पहिलीच उरली आहे, आणि तीसुद्धा गुणपत्रिकेच्या रूपात.

या देवळाची अलीकडची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 2006-07 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली इथे दुरुस्ती झाली. एक खांब नाहीसा झाला होता, तो नव्याने बसवायचा होता. मूळ दगडाशी जुळणारा दगड देशभर शोधला, तो आग्र्याच्या बाजूला सापडला. अखंड दगडातून कोरलेल्या त्या खांबाचं वजन 12 टन. पुरेशी लांब क्रेन तिथे नेता येईना. शेवटी कप्प्या आणि तरफा लावून, सहा महिने खपून, माणसांनी तो खांब उभा केला. एकविसाव्या शतकात. म्हणजे ही विद्या मेलेली नाही. ती कुठल्या तरी गावात, कोणाच्या तरी हातात जिवंत आहे आणि गरज पडली की सरकार तिला शोधत जातं. गरज संपली की पैसे चुकते करून विसरून जातं. त्या खांबाच्या पाथरवटांना पैसे कुठल्या शिर्षाखाली दिले असतील? मी कारकून आहे, मला हाच प्रश्न पडला. मजुरी? साहित्यखरेदी? 'इतर खर्च'?

हा प्रश्न मला का पडतो ते आता कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या खात्यात होतो (नाव नको) तिथे एका जुन्या बांधकामाच्या कोरीव दगडी चौकटीची फाईल आली. चौकट दोन ठिकाणी फुटली होती. सीमेपलीकडचा एक म्हातारा पाथरवट येऊन बघून गेला होता. त्याने बोटाने मापं घेतली, कोणता दगड लागेल ते सांगितलं आणि दोन महिने मागितले. त्याच्याकडे जीएसटी नंबर नव्हता. मागच्या तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला नव्हता. दरसूचीत 'कोरीवकाम' शोधलं तर कुशल कामगाराचा रोज सापडला. गवंड्याचा जेवढा, तेवढाच. वरून तोंडी विचारणा झाली, "हा माणूस पात्र कसा?" टिपणी मला लिहायची होती. मी लिहिली: सदर व्यक्ती विहित अर्हता पूर्ण करीत नसल्याने नियमानुसार निविदा मागवाव्यात. वाक्य निर्दोष आहे, आजही कोणत्याही ऑडिटात टिकेल. मग निविदा निघाली, सर्वांत कमी दराचा ठेकेदार आला, त्याने साचा करून सिमेंटचे दोन तुकडे ओतले आणि त्यांना काळा रंग दिला. पहिल्या पावसाळ्यात रंग उतरला. त्या चौकटीखालून मी अजून जातो, पण वर बघत नाही.

म्हणून माझं भांडण नुसतं 'सरकार'शी नाही. त्या टिपणीखाली सही माझी होती. माझं भांडण त्या रकान्यांशी आहे, ज्यांत चित्रकार संस्कृतीच्या बाजूला येतो आणि दगड कोरणारा उद्योग-मजुरीच्या बाजूला. चित्रकाराला मानधन, पाथरवटाला रोज. चित्रकाराचं प्रदर्शन, पाथरवटाचा स्टॉल, तोही सरस-बिरस मेळ्यात, पापड-लोणच्यांच्या शेजारी.

भारत भवनात हीच रेघ एका माणसाने पुसली होती. जे. स्वामिनाथन. स्वतः मोठे आधुनिक चित्रकार. 'रूपंकर' हे तिथलं कलासंग्रहालय त्यांनी उभं केलं. त्यांनी कलाशाखेची पोरं मध्य प्रदेशच्या गावोगाव धाडली आणि भिंतींवर, जमिनीवर, मातीत कोण काय करतं ते पाहून यायला सांगितलं. त्यातल्याच एका फेरीत पाटणगढला जनगढ सिंह श्याम सापडला. परधान गोंड, विशीचा पोरगा, शाळा फारशी झालेली नाही. परधान हे परंपरेने गोंडांचे गायक. आख्यानं गाणारे. त्या घरातला पोरगा भिंतीवर देव काढत होता. स्वामिनाथन यांनी त्याला भोपाळला आणला, भारत भवनाच्या छापचित्रांच्या विभागात काम दिलं आणि त्याची चित्रं शहरी चित्रकारांच्या बरोबरीने, त्याच छताखाली, त्याच्या नावानिशी लावली. 'आदिवासी कला, मंडला जिल्हा' अशी चिठ्ठी डकवून नाही. 1989 मध्ये त्याची चित्रं पॅरिसला पॉम्पिदू केंद्राच्या गाजलेल्या प्रदर्शनात होती. पुढे कोरियांनीच बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनावरही त्याने चित्रं काढली.

दुसरी भूरीबाई. झाबुआच्या पिटोल गावची भिल्ल बाई. भारत भवनाचं बांधकाम चालू असताना ती तिथे डोक्यावरून घमेली वाहत होती, रोजचे 6 रुपये. स्वामिनाथन यांनी विचारलं, तुमच्यात भिंतीवर काय काढतात ते कागदावर काढशील का? 2021 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. आता मनात धरा, त्या दिवशी स्वामिनाथन यांच्या जागी माझ्यासारखा नियम पाळणारा कोणी असता. तिचं नाव मस्टरवर राहिलं असतं. मस्टर बरोबर भरलेलं असतं, हे मात्र नक्की!

भोपाळचं हे कौतुक इथवरच. कारण स्वामिनाथन यांनी रेघ पुसली, पण तिच्या जागी नियम लिहिला नाही. शाळा उभी राहिली ती जनगढच्या घरात. प्रोफेसर कॉलनीतल्या त्याच्या घरी गावाकडून भाचे, पुतणे, नातेवाईक येत राहिले. तिथेच झोपायचे, तिथेच त्याच्या चित्रांत रंग भरता भरता शिकायचे. भज्जू श्याम आधी रात्रीचा पहारेकरी होता, तो याच घरात चित्रकार झाला आणि 2018 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. 2022 मध्ये दुर्गाबाई व्याम यांना मिळाली, त्याही याच गोतावळ्यातल्या. एका सरकारी वसाहतीतल्या घराने जे केलं ते किती कला महाविद्यालयांनी केलं असेल? पण घर ते घरच. त्याला ना अनुदान, ना पद, ना पेन्शन. जनगढ पैशांसाठी जपानच्या मिथिला संग्रहालयात जाऊन चित्रं काढत होता, आणि 2001 मध्ये तिथेच तो गेला. चाळिशीही झाली नव्हती. आत्महत्या, असं सांगण्यात आलं. जगाने ओळखलेला कलावंत आणि परक्या मुलुखात महिन्याच्या बोलीवर काम! त्याच्या वयाच्या कुठल्याही कला-अधिव्याख्यात्याला हे करावं लागलं नसतं.

परतीच्या आधी एक दिवस सांचीला गेलो, तासाभराचा रस्ता. मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत. एकात म्हटलं आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. दुसऱ्यात राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुख्याचं नाव आहे, आनंद. सातवाहनांच्या काळात कारागिरांच्या प्रमुखाला दगडावर नाव घालता येत होतं. (आमच्याकडे उद्घाटनाच्या फरशीवर मंत्र्यापासून पंचापर्यंत बारा नावं असतात. फरशी कोरणाऱ्याचं तेरावं कधी पाहिलंत?)

आता गोव्यात या.

आमच्या गावच्या देवळात, गर्भागाराच्या बाहेरच्या भिंतीवर, कावीचा एक पट्टा शिल्लक आहे. कावी म्हणजे काय ते पेडण्याकडच्या लोकांना सांगायला नको. पांढऱ्या चुन्याचा गिलावा, त्यावर काव मिसळलेला तांबडा थर, आणि तो ओला आहे तोवर लोखंडी सळीने कोरून खालचा पांढरा रंग वर आणायचा. कंपासाने काढलेली वर्तुळं, वेली, मोर, हत्ती, एखादा शिपाई. थर सुकला की चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून हात बसलेला लागतो. माझ्या लहानपणी हा पट्टा तिन्ही भिंतींवर होता. एका बाजूला ऑइलपेंट लागला, एका बाजूला फरशा. उरलेल्या बाजूचा विषय येत्या महाजन सभेच्या पत्रिकेवर आहे, पण त्याकडे नंतर येतो.

गोव्यात ही भिंत दुरुस्त करायला कोणाला बोलवायचं? कुंकळ्ळीचे चितारी लाकडावर लाखेचे रंग चढवतात, डिचोलीला समया घडतात, आपल्या प्रत्येक वाड्यावर एक मेस्त असा होता की ज्याच्या मखराला तोड नव्हती. त्यांच्या नातवंडांना हे शिकून पदवी मिळेल अशी जागा गोव्यात कोणती? पणजीचं कला महाविद्यालय 1972 पासून आहे, तिथून नावाजलेले चित्रकार आणि जाहिरात कलावंत निघाले, माझा त्यांच्याशी वाद नाही. पण ती परंपरा मुंबईच्या जे. जे. ची. कावी, दगडी कोरीवकाम, लाखेचं काम, माटोळी-मखराची सजावट यांचं स्वतंत्र, पदवी देणारं, पगारी शिक्षक असलेलं कॉलेज आपल्याला का नसावं?

हे बोललं की पहिलं उत्तर येतं, "गोव्यात कोरायला दगडच कुठे? जांभ्यात काय नक्षी करणार?" चिऱ्यावर बारीक काम होत नाही हे खरंच. पण तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ ज्या काळ्या दगडाचं आहे तो तरी तिथला कुठे आहे? घाटावरून रान तुडवत आणला. सातआठशे वर्षांपूर्वी. भोजपूरच्या खांबाला आग्र्याहून दगड आला. दगड ट्रकातून येतो हो, हात येत नाहीत.

दुसरं उत्तर जरा कुजबुजत येतं: ही जातीची कामं, त्यांच्या घरात शिकतात, कॉलेज कशाला? हे बोलणारे बहुधा स्वतःच्या मुलाला घरात काहीच शिकवत नाहीत, तगडी फी भरून बेळगावला धाडतात. घरात शिकायचं म्हणजे बापाकडे जेवढं आहे तेवढंच, आणि बापाची जात तीच पोराची. कॉलेजात कुठल्याही घरची मुलगी टाकी धरू शकते. राम सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या सुताराचे मुलगे. घरची विद्या होतीच, पण गुरूने जे. जे. त पाठवलं म्हणून पुढचं झालं: वेरूळच्या लेण्यांतल्या मूर्तींची दुरुस्ती, मग मध्य प्रदेशातच गांधीसागर धरणावरचं 45 फुटी चंबळ शिल्प. 2025 च्या नोव्हेंबरात पर्तगाळीला 77 फुटी श्रीरामाचं अनावरण झालं, तीही त्यांचीच कृती. आपण सगळे कौतुकाने बघून आलो. बघून येणं आपल्याला छान जमतं.

तिसरं उत्तर पोटाचं, आणि हे मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तर मग तमिळनाडूकडे बघा. मामल्लपुरमला 1957 पासून सरकारी वास्तु-शिल्प महाविद्यालय आहे. पारंपरिक शिल्पाची तिथे पदवी मिळते. स्थपतींच्या घरातले गणपति स्थपती तिथे प्राचार्य होते, आणि कन्याकुमारीचा 133 फुटी तिरुवल्लुवर त्यांनीच घडवला. स्थपती प्राचार्य! आपल्याकडे तो कंत्राटी निदेशक झाला असता, तासावर. इतकं लांब नको असेल तर कारवारच्या पुढे कारकळला जा; तिथे कॅनरा बँकेच्या ट्रस्टची संस्था पोरांना ठेवून घेऊन दगड आणि लाकूड कोरायला शिकवते. एका बँकेला जे सुचलं ते आपल्या राज्याला सुचू नये? आणि पोट भरतं का म्हणाल तर गोव्यात दरवर्षी किती देवळांचे जीर्णोद्धार होतात ते मोजा. मूर्ती कर्नाटकातून, खांब राजस्थानातून, कारागीरही तिथलेच. पैसा इथला, आणि तो जातोच आहे. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचं काम 2023 मध्ये पुरं झालं तेव्हा जुनं जपून दुरुस्ती करता येते हे आपण पाहिलं. तसं काम हवं असलेली आणखी किती देवळं रांगेत आहेत!

मग अडतं कुठे? माझ्याच टेबलावर. उद्या सरकारने कॉलेज जाहीर केलं तरी भरती नियमांत पहिली ओळ येणार: संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, 55 टक्के, नेट किंवा सेट. कावी करणारा शेवटचा म्हातारा इथेच बाद. त्याच्या जागी ज्याने कावीवर प्रबंध लिहिला तो येणार आणि पोरांना कावीच्या स्लाइड दाखवणार. 2022 मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलं, म्हणजे पदवी नसली तरी कामात मुरलेल्या माणसाला घेता येतं. परिपत्रक वाचून मी खूश झालो होतो. पण ही पदं मंजूर पदांच्या बाहेरची, दहा टक्क्यांच्या आतली, आणि एका माणसाला जास्तीत जास्त चार वर्षं. हात बसायलाच चार वर्षं लागतात. पाहुणा म्हणून बोलवा आणि पाहुण्यासारखं परत धाडा, एवढंच त्यात आहे.

मला हवी आहे ती एकच ओळ, आणि ती मी नियमांच्या भाषेत लिहूनही ठेवली आहे: 'किंवा, संबंधित कलेत किमान पंधरा वर्षे प्रत्यक्ष काम, तज्ज्ञ समितीसमोर प्रात्यक्षिकाने सिद्ध केलेले, अशा उमेदवारास शैक्षणिक अर्हतेची अट लागू राहणार नाही.' नियमित पदाला, नियमित वेतनश्रेणीत, पेन्शनच्या योजनेसकट. 'किंवा' या शब्दावर सगळं आहे. सचिवालयात काम केलेल्या कोणालाही विचारा, असे 'किंवा' घालता येतात. ज्यांच्यासाठी घालायचे असतात त्यांच्यासाठी रात्रीत घातले जातात.

आता महाजन सभेचं. येत्या रविवारी, सकाळी साडेदहाला, सभामंडपात. पत्रिकेवर तिसरा विषय: उरलेल्या भिंतीला ग्रॅनाइट बसवणे, देणगीदार तयार. देणगीदार भला माणूस आहे, दुबईत चाळीस वर्षं राबून आलेला, आणि त्याला खरंच वाटतं की देवाला तो काहीतरी चांगलं देतो आहे. ग्रॅनाइटला विरोध केला तर "मग तुम्हीच दुरुस्त करून द्या" असं तो म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पेडण्याच्या बाजूला एक आजोबा आहेत असं कळलं, पूर्वी वडिलांच्या हाताखाली त्यांनी कावी केलेली. शनिवारी त्यांना आणायला जाणार आहे. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नसणार. या खेपेला ते बिल कुठल्या रकान्यात घालायचं याचा विचार मी गाडीतच करून ठेवीन.